वाऱ्याचा हिशेब

समुद्रकाठच्या एका गावात जनार्दन नावाचा एक प्रोग्रामर राहत होता. बातमी आली तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. त्याची बायको कुंदा ओटीवर बसून सुकट निवडत होती. जनार्दन चहा बाजूला ठेवून कॉम्प्युटरवर एका नव्या बंदराचं काम करत होता. फोन वाजला. कुंदाने तो घेतला, ऐकला आणि नवऱ्यापुढे धरला. खाडीपलीकडच्या खाजणवाडीत राहणाऱ्या तिच्या भावाची, हिराजी तांडेलाची, होडी दर्यात वादळी वाऱ्याने उलटली होती. खलाशी दुसऱ्या होडीवर चढले होते. होडी सोडायची वेळ आली की तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, सगळ्यांत शेवटी उतरतो. हिराजीला उतरायला वेळच मिळाला नव्हता.

"पण आज जाऊ नका म्हणून सकाळी मेसेज गेला होता," जनार्दन म्हणाला. "सगळ्या बंदरांना गेला. मी पाहिलाय."

"मग दादा गेला कसा?" कुंदाने विचारलं.

जनार्दनने सकाळचा मेसेज पुन्हा उघडून पाहिला.

कोळ्यांच्या फोनवर दर्याचा इशारा पाठवणारा प्रोग्राम जनार्दनने लिहिला होता. हवामान केंद्राकडून दिवसभराच्या वाऱ्याचा अंदाज यायचा. वारा ठरावीक मर्यादेच्या वर जाणार असेल तर प्रोग्राम 'आज जाऊ नका' असं कळवायचा, नाहीतर 'दर्या शांत आहे' असं. पहिल्यांदा तो त्याने आपल्याच गावासाठी केला. मग शेजारच्या बंदराने मागितला. जनार्दनने आख्ख्या प्रोग्रामची नक्कल केली, गावाचं आणि तांडेलांचं नाव बदललं, तिथल्या देवीचं नाव वर घातलं आणि दिला. लोकांना आपल्या बोलीतला, आपल्या देवीच्या नावाचा मेसेज फार आवडला. मग तिसरं बंदर आलं, चौथं आलं. प्रत्येक वेळी नवी नक्कल होत गेली.

कुंदाही त्याच्याच कॉलेजात प्रोग्रामिंग शिकली होती. एकदा तिने हे सगळं उघडून पाहिलं.

"प्रत्येक गावाला वाऱ्याचा हिशेब पुन्हा पुन्हा का लिहिलायस?" ती म्हणाली. "तो एका वेगळ्या फाइलमध्ये, मॉड्यूलमध्ये, काढ. मेसेज पाठवायचं काम दुसऱ्यात. दोन्हींचं एक पॅकेज कर. मग कुठल्याही गावाचा प्रोग्राम लागेल ते तिथून घेईल."

"प्रत्येक गावाची बोली वेगळी आहे, कुंदा."

"बोली असू दे की वेगळी. वारा तर एकच आहे ना?"

जनार्दन हसला. तिचं म्हणणं त्याला पटलं होतं. पण ते काम करून बाहेरून काहीच बदलणार नव्हतं. मेसेज होता तसाच दिसला असता. नवं बंदर जोडलं की मात्र तिथली मंडळी नारळी पौर्णिमेला बोलावून शाल द्यायची.

"करतो," तो म्हणाला. "पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की करतो."

पावसाळा आला, होड्या वर ओढल्या गेल्या आणि जनार्दनने आणखी एक बंदर जोडलं.

हिराजीने आधी या प्रोग्रामची भरपूर थट्टा केली. "भावोजी, तुमचा मशीन कंदी दर्यान गेलाय का? त्याला होडी लागते, मना म्हाईत हाय. ओकंल तो!" पण खाजणवाडी डोंगराच्या आडोशाला होती. बाहेर वारा उठला तरी तिथे पान हलत नसे आणि दर्याचा अंदाज येत नसे. एकदोनदा इशारा खरा ठरला आणि हिराजीची थट्टा थांबली. मग त्यानेच एक मागणी केली. खाजणवाडीच्या होड्यांना खाडीतून बाहेर पडायलाच वेळ लागे, म्हणून त्या सगळ्यांच्या आधी निघत.

"तुमचा मेसेज येतो तवा आमी अर्ध्या दर्यान असतंव," तो म्हणाला. "तिथं फोन लागत नाय. आमाला पयला पाठवा."

मेहुण्याचा शब्द मोडवेना. जनार्दनने खाजणवाडीसाठी पहाटेच्या मेसेजचा एक छोटा वेगळा प्रोग्राम केला. वाऱ्याचा हिशेब नेहमीप्रमाणे नक्कल करून त्यात चिकटवला. हिराजी खूश झाला आणि त्याने घरी ताजी सुरमई पाठवली.

पुढे हवामान केंद्राने आधी कळवून आपली पद्धत बदलली. वाऱ्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये यायचा, तो आता नॉटमध्ये येऊ लागला. नॉटमध्ये त्याच वाऱ्याचा आकडा जवळजवळ निम्मा दिसतो. प्रोग्राम दुरुस्त केला नाही, तर वादळी वाराही त्याला साधा वाटणार होता. जनार्दनने हे काम हलक्यात घेतलं नाही. एकेका बंदराचा प्रोग्राम उघडला, दुरुस्त केला, तपासला. खाजणवाडीचाही केला.

"सगळीकडे झालं?" कुंदाने विचारलं होतं.

"झालं," तो म्हणाला होता. त्याला तसंच वाटत होतं.

पहाटेचा छोटा प्रोग्राम त्याला आठवला नाही.

दुखवट्याला दोघं खाजणवाडीला गेले. हिराजीची बायको पारू भिंतीला टेकून बसली होती. दर्यात फोन लागत नाही म्हणून हिराजी तो घरीच ठेवून जायचा. तिने तो जनार्दनच्या हातात दिला.

"तुमचा मेसेज आला तवा निघालं," ती म्हणाली. "मी म्हनलं, आज र्‍हावा, माजा जीव धजत नाय. तर म्हनाले, भावोजीनं सांगलाय दर्या शांत हाय. तो आपला मानूस हाय, खोटा नाय सांगनार."

ती त्याला दोष देत नव्हती. जनार्दनने फोनकडे पाहिलं. पहाटेचा मेसेज होता, वर देवीचं नाव, खाली हिराजीचं, आणि त्याखाली 'दर्या शांत हाय, खुशाल जा.' त्यानंतरचा मेसेज 'आज जाऊ नका' असा होता. तो कोणी उघडलेला नव्हता.

जनार्दनने तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं, की पहाटेचा प्रोग्राम दुरुस्त करायचा माझ्याकडून राहिला, चूक माझी आहे. काहींना कळलं, काहींना कळलं नाही. पारूला कळलं. तिने फोन परत मागून घेतला आणि पदराखाली ठेवला.

घरी आल्यावर जनार्दन कामाला बसला. सगळ्या नकलांतून त्याने वाऱ्याचा हिशेब काढून टाकला, एका मॉड्यूलमध्ये एकदाच लिहिला आणि त्याचं पॅकेज केलं. प्रत्येक गावाची बोली, देवी आणि नावं जिथल्या तिथे राहिली. वारा मात्र सगळी गावं आता एकाच ठिकाणाहून विचारू लागली. यापुढे दुरुस्ती एकदाच करायची होती आणि ती सगळीकडे पोचणार होती.

कुंदा दारात उभी राहून पाहत होती.

"झालं?"

"झालं."

"किती वेळ लागला?"

जनार्दनने खिडकीबाहेर पाहिलं. जेवून बसला होता, आता उन्हं उतरली होती. "दुपार गेली," तो म्हणाला.

कुंदा आत गेली आणि तिने दिवा लावला.

काम एका दुपारचं होतं. हिराजी होता तोवर ते झालं नाही.

तात्पर्य: जे सगळ्यांना सारखंच लागतं ते एकाच ठिकाणी नीट करून ठेवावं आणि सगळ्यांनी तिथूनच घ्यावं. जागोजागी नकला केल्या की दुरुस्तीच्या वेळी एखादी राहून जाते, आणि तिची किंमत आपल्यावर विश्वास ठेवणारा माणूस देतो.