आंबेसरचं मुकं वऱ्हाड

बँडवाल्यांना वेशीवरच गप्प बसवलं म्हणून तुमचं वऱ्हाड रुसलंय, दिसतंय मला. रुसू नका, पाहुणे. आंबेसरात नवरदेव मांडवात उभा राहीपर्यंत पिपाणीसुद्धा वाजत नाही. आणि तो उभा राहिला तरी नवरी आधी नदीकडे तोंड करून विचारते, ‘‘आलात का?’’ नवरा शेजारी असताना ती नदीला काय विचारते, ते सांगतो. बसा.

फार जुनी गोष्ट. इथल्या गोंदजी पाटलांची लेक येसू हिचं लग्न पलीकडच्या काठावरच्या हैबतीशी ठरलं. वैशाखातला शेवटचा मुहूर्त होता आणि पुढे सिंहस्थ लागत होता, म्हणजे वर्षभर लग्नं बंद. वऱ्हाड सकाळी नदी उतरून आलं. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या गाड्या सुखरूप पार होईपर्यंत हैबती मागे थांबला, असा त्याचा स्वभावच म्हणे. तेवढ्यात वरच्या डोंगरात वळीव कोसळला आणि बघता बघता नदी दुथडी भरली. एकटा हैबती पलीकडे राहिला. थांबा, पाणी उतरलं की येतो, असं त्याने हातानेच खुणावलं.

संध्याकाळपर्यंत पाणी उतरलं असतं. पण मुहूर्त टळत होता आणि गोंदजीला धीर नव्हता. हैबतीची कट्यार त्याच्या मामाबरोबर पुढे आली होती. नवरा नसला तर कट्यारीशी लग्न लावायची चाल तेव्हा होतीच.

‘‘आबा, थांबूया की. ते आल्यावर लावा,’’ येसू म्हणाली.

‘‘संध्याकाळी येईलच तो. मुहूर्त कुठून आणू?’’ गोंदजी म्हणाला. पोरीचं कोण ऐकतंय!

कट्यार पाटावर ठेवली, अंतरपाट धरला, वाजंत्री सुरू झाली. सनईचे सूर पाण्यावरून पलीकडे गेले. हैबतीला वाटलं, मुहूर्त आला आणि सगळे आपल्यासाठीच खोळंबलेत. त्याने त्या पुरात उडी टाकली. इकडे अक्षता पडल्या आणि नदीवरून माणसं रडत आली.

मग पंच बसले. पाटलांच्या घरात विधवेचं पुन्हा लग्न होत नसे. हैबती अक्षतांच्या आधी बुडाला असेल तर येसू कुमारी, नंतर बुडाला असेल तर विधवा. तिच्या साऱ्या जन्माचा प्रश्न होता.

‘‘ते कधी गेले एवढं सांगा, मग माझं कुंकू पुसा,’’ येसू म्हणाली.

कुणालाच सांगता येईना. ठाऊक नाही तर पोरीला मोकळी करावी, एवढं मन कुणाचं झालं नाही. कुंकू पुसलं. मला अजून त्या पंचांचा राग येतो, आणि त्यांत आमच्या घरचाही एक होता असं सांगतात.

गोंदजीने पुढे पश्चात्तापाने नदीवर हा समोरचा घाट बांधला. उपयोग काय? येसूला बसायला जागा झाली, इतकंच. केस पांढरे होईपर्यंत ती रोज तिन्हीसांजेला यायची, पाण्याकडे बघून एकदा विचारायची, ‘‘आलात का?’’ जरा वेळ ऐकायची आणि घरी जायची. ती गेल्यावर गावाने कट्यारीचं लग्न बंद केलं, आणि नवरदेवाआधी वाजणारी वाजंत्रीही. ती जिवंत असताना हे कुणाला सुचलं नाही.

आजही नवरी विचारते आणि सारा गाव कान देऊन उभा राहतो. उत्तर यायचं नाही, हे आम्हालाही कळतं. मग नवरदेव ‘आलो’ म्हणतो आणि वाजंत्री वाजते. तुमच्या मुलाला तेवढं सांगून ठेवा, लगेच ‘आलो’ म्हणू नकोस. आधी हैबतीला वेळ द्यायचा असतो.