नेत्याच्या डोक्याचं माप

युरोपातल्या एका देशावर हुकूमशहाचं राज्य होतं, तेव्हाची ही गोष्ट. पुण्याची यमुना सबनीस तिथं मानववंशशास्त्र शिकत होती. एके दिवशी वंशखात्याचे प्रमुख डॉ. फोग्ट छाती काढून प्रयोगशाळेत आले.

"लांब डोकं श्रेष्ठ वंशाचं, गोल डोकं हीन वंशाचं," त्यांनी फर्मावलं. "इथल्या सगळ्यांची डोकी मोजून तक्ता भरा. हीन ठरतील ते उद्यापासून घरी!"

"मी दोनशे डोकी मोजलीत, साहेब," यमुना म्हणाली. "आकाराचा अकलेशी काडीचाही संबंध नाही."

"तक्ता भरून सही करा, नाहीतर पदवी विसरा!"

शेजारी तिची मैत्रीण एस्थर पांढरीफटक पडली होती. तिचं डोकं गोल होतं. यमुनाच्या मनात संताप उसळला. तिनं कोपऱ्यातल्या, हुकूमशहा नेत्याच्या पुतळ्याकडे बोट दाखवलं.

"हा हुबेहूब आहे ना?"

"म्हणजे काय! केसाइतकाही फरक नाही."

यमुनानं मापाचा चिमटा पुतळ्याच्या डोक्याला लावला आणि आकडे मोठ्यानं वाचले.

"चांगलंच गोल आहे. यांना हीन वंशात लिहू, की नियमच खोटा असं लिहू? तुम्ही सांगाल त्यावर आत्ता सही करते."

फोग्टना धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं झालं. त्यांनी तक्ता हिसकावून टराटरा फाडला आणि चालते झाले.

यमुनाची पदवी हुकली, आठवड्यात देशही सोडावा लागला. पण त्या विद्यापीठात पुन्हा कुणाचं डोकं मोजायची कुणाची छाती झाली नाही.