चार नंबरची जर्सी

कोल्हापुरात आमच्या तालमीच्या कट्ट्यावर तालमीच्याच फुटबॉल संघाच्या बचावावरून वाद पेटला होता. अध्यक्ष बाजीराव गरजले, "यंदाची बचावफळी पोलादी! तो इंद्रजित म्हणजे उघडं दार होतं. त्याची चार नंबरची जर्सी आता दुसऱ्याला द्या."

कोपऱ्यात इंद्रजितचे वडील रंगाण्णा बसले होते. ते म्हणाले, "अध्यक्ष, जर्सी ऱ्हाऊ दे. तालमीसाठी गुडघा मोडून पोरगं आठ महिने खाटेवर हाय. घर इथनं पन्नास पावलांवर. तरी तुमच्यातला एक गडी अजून त्याच्यापातूर पोचला न्हाई. ह्याच्यापेक्षा भक्कम बचाव कुणाचा?"

अध्यक्ष खाकरून गोलकीपरवर बोलू लागले. जर्सी इंद्रजितकडेच राहिली. त्याच्याकडे मात्र अजून कुणी गेलेलं नाही.