पेडव्यांचे काटे

एकदा एका खाडीकाठच्या गावात एका सुखवस्तू व्यापाऱ्याची वृद्ध आई जेवेनाशी झाली. डोळ्यांनी तिला अंधुक दिसे. दुसरा रोग म्हणून काही नव्हता. मुलाने हौसेने आचारी ठेवला होता. तो सुरमईतला काटा न् काटा काढून, काजूच्या वाटणात घोळवून, चांदीच्या वाटीत ती तिच्यापुढे ठेवी. म्हातारी एखादा घास चिवडी आणि वाटी सारून देई. ती खंगत चालली, तसा व्यापाऱ्याच्या तोंडचे पाणी पळाले. आई हातची जाते की काय, या भीतीने त्याने गावच्या वयोवृद्ध वैद्यांना बोलावले. त्यांच्यासोबत त्यांचा शिष्यही आला.

वैद्यांनी नाडी पाहिली आणि शिष्याला म्हणाले, "बाजारातून ताजे पेडवे आण आणि तूच शिजव. साधेच."

शिष्य गडबडला. पेडवा म्हणजे बोटभर मासोळी आणि अंगभर काटे! "गुरुजी, आजींना नीट दिसत नाही. घशात काटा अडकला तर?"

"आधी आण तर खरं."

शिष्याने पेडवे धुऊन हळद-मीठ लावले. मिरचीचे वाटण, माशांच्या कालवणात घालतात ती ठेचलेली त्रिफळे, आमसुले आणि जेमतेम पाणी घालून भांडे चुलीवर ठेवले. मासे मोडू नयेत म्हणून पळी न घालता, फडक्याने धरून भांडेच हलकेच फिरवले. वरून कच्चे खोबरेल सोडले. त्रिफळांचा वास दरवळला आणि त्याला दूर गावी राहिलेल्या आपल्या आईचे स्वयंपाकघर आठवले. तिथेच तर तो हे सारे पाहून शिकला होता. त्याला फार बरे वाटले, आणि थोडे रडूही आले.

वैद्यांनी ताट वाढायला लावले ते व्यापाऱ्यासाठी. म्हातारीला नुसतेच शेजारी बसवले, तिच्यापुढे ताट नाही. शिष्याला काही उमगेना.

व्यापाऱ्याची काट्यांची सवय कधीच मोडली होती. पहिल्याच घासाला त्याला जोराचा ठसका लागला.

"थांब मरे!" म्हातारी कडाडली. "सुक्या भाताचो घास गीळ आधी! एवढो घोडो झालंस, तरी काटो काढूक येना नाय तुका. ताट हयसर हाड!"

तिने ताट ओढले. बोटांनी चाचपून पेडवा दाबला आणि मधला काटा अख्खा उचलला. मऊ मांस भातात कालवून तिने मुलाला भरवले. काट्याला चिकटून राहिलेले चोखून स्वतः खाल्ले. मग दुसरा पेडवा, मग तिसरा. बोलता बोलता तीही भात जेवू लागली.

बाहेर आल्यावर शिष्याने हळूच विचारले, "गुरुजी, औषध त्रिफळांत होतं का?"

वैद्य म्हणाले, "नाही रे. जन्मभर ही बाई मुलाला भरवता भरवता जेवली. त्याने प्रेमापोटी ताटातले काटे काढले, आणि तिच्या हातांना कामच उरलं नाही. म्हातारपणी माणसाला आयतं मिळतं, पण आपली कोणाला गरज आहे हे कळलं नाही तर अन्न गोड लागत नाही."

दुसऱ्या दिवशी शिष्य विचारपूस करायला गेला, तेव्हा मायलेक जेवायला बसले होते. व्यापाऱ्याने पेडवा हाती घेतला, आदल्या दिवशी आईने केले तसे दाबून मधला काटा सहज मोकळा केला. आणि आई त्याच्याकडे वळताच काटा तसाच परत ठेवून त्याने ताट तिच्याकडे सरकवले.

"आये," तो म्हणाला, "माका जमना नाय गे."