चिमट्याचा सोशिकपणा

सायकलींना वाचा होती तेव्हाची ही गोष्ट. यमुनाबाई सुईण सायकलवरून गावोगाव बाळंतपणाला जायच्या. एकदा घाटाच्या पायथ्याशी सायकल घसरून पडली. बाईंनी पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ केलं, तरी मन मानेना, म्हणून त्या जवळच सायकली दुरुस्त करणाऱ्या हुसेनमिस्त्रींकडे आल्या.

“मला पोचा आला!” घंटी रडू लागली. “माझा रंग गेला!” मडगार्ड ओरडलं.

पुढचं चाक धरून ठेवणारा चिमटा मात्र म्हणाला, “मी धड आहे. वर एक पोरगी अडली आहे, बाईंना जाऊ द्या.”

मिस्त्रींनी सायकल वीतभर उचलून जमिनीवर टेकवली. आवाज बद्द आला. त्यांनी चिमट्याच्या मुळाशी बोट फिरवलं, तर रंगाखाली केसाएवढी चीर लागली.

“तुला ठाऊक होतं?”

“होतं. पण मी कधी कुरकुर केली नाही. आजही सोसलं असतं.”

“मोडेपर्यंत सोसलं असतंस,” मिस्त्री त्याला सायकलपासून सोडवत म्हणाले. “मोडल्यावर दरीत कोण पडलं असतं?”

यमुनाबाईंनी पिशवी खांद्याला अडकवली आणि त्या पायीच घाट चढू लागल्या. चिमटा त्यांच्या पाठीकडे बघत राहिला.