पेन ड्राइव्हचं आसन

“पण बुवा, मी कॅफेवाल्यांचं काही वापरणारच नाही, मग भीती कसली?”

विश्वंभरने पेन ड्राइव्ह पुढे धरला. मठात येण्याआधी तो कॉम्प्युटरच्या कंपनीत होता आणि हे तो कुणाला विसरू देत नसे. तरी दाजीबुवांचा त्याच्यावर फार जीव. बुवांची नजर अधू झाल्यापासून लोकांचे मेल तोच वाचून दाखवायचा, बुवा सांगतील ती उत्तरं धाडायचा.

मठाचा कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला होता. म्हणून स्वारी बाजारातल्या सायबर कॅफेत निघाली होती.

“यात माझा स्वतःचा ब्राउझर आहे. त्यांच्या मशीनमध्ये काही टाकायचं नाही, मागे काही ठेवायचं नाही. काम झालं की खिशात!”

“आणि पासवर्ड?”

“तो टाइप करायचा.”

“कशावर?”

“कीबोर्डवर… त्यांच्याच.”

“आत कुणी टिपून घेत बसलं असलं तर?”

“असतो एखाद्या मशीनमध्ये तसा छुपा प्रोग्रॅम. पण बुवा, आपण साधक कुठेही गेलो तरी आपलं आसन अंथरतो ना? आसन आपलं, की जागा आपली. हे तसंच!”

बुवा गालात हसले…

“त्या पासवर्डाने उघडतं त्यात शालनचा मेलही आहे ना रे?”

विश्वंभर जरा चपापला. नवरा मारतो हे शालनने बुवांखेरीज कुणालाच सांगितलं नव्हतं. घर सोडून कधी निघणार, तेही तिने कळवलं होतं.

“आहे. पण काही होत नाही हो.”

“बरं. तुझं आसन आण.”

बुवा चाचपडत आंब्याखाली गेले. तिथे ते रोज मुंग्यांना साखर घालत, त्यामुळे जागा त्यांना पाठ होती. तांबड्या मुंग्यांच्या भर वारुळावर त्यांनी आसन अंथरलं, सुरकुत्यासुद्धा काढल्या.

“बस.”

“बुवा, इथे मुंग्या आहेत!”

“आसन तुझंच आहे ना?”

गुरूची आज्ञा. बसला बिचारा… आणि लगेच उडाला. धोतर झटकत अंगणभर नाचला. बुवा पोट धरून हसले. मग त्याला जवळ ओढून त्याच्या पायावरची एकेक मुंगी हाताने चाचपून काढू लागले. पोटच्या पोराचं करावं तसं.

“कळलं, बुवा. नाही जात.”

बुवांचा हात थांबला…

“तुला चावल्या, म्हणून उठलास. शालनला चावल्या असत्या, तर तू बसूनच राहिला असतास.”