महाराजांच्या चेंडूजोगं मैदान

श्रीमंत भुजंगराव महाराजांचा गोल्फचा चेंडू काही केल्या खळग्यात जाईना, आणि त्यापायी चिंचणवाडीचं गायरान जायची वेळ आली!

महाराजांना या खेळाचं वेड लागून तीन वर्षं झाली होती. वेड वाढत गेलं, खेळ मात्र होता तिथंच राहिला. उटीला हरले, म्हणाले, धुकं होतं. कलकत्त्याला हरले, म्हणाले, गवत दमट होतं. काश्मीरला तर लवाजम्यासकट महिनाभर मुक्काम ठोकला. तिथं म्हणे डोंगरच मध्ये मध्ये येत होते! महाराज परतले की दरबार माना डोलवायचा आणि दिवाण कारखानीस पुढच्या सहलीची तयारी करायला बसायचे. शेवटी महाराजांनी ठरवलं, परक्या मैदानांचा नाद पुरे, आपलं मैदान आपणच करू. आणि नजर गेली ती थेट चिंचणवाडीच्या गायरानावर.

तिथं गावची तीनशे गुरं चरत. गायरान गेलं की गुरं विकायची, आणि गुरं विकून गवळ्यांनी काय वारा पिऊन जगायचं? गावकऱ्यांनी हातापाया पडून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हा हौसा गवळण उठली. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात रोज पहाटे दूध घालणारी ही बाई. बोलायला फटकळ, पण डोकं जागेवर. ती सरळ दरबारात जाऊन उभी राहिली.

"सरकार, गायरान घेऊ नगा. तुमच्या चेंडूजोगं मैदान म्या हुडकून देते."

दिवाण फिसकन हसले. महाराज मात्र चिडले. "तू? अगं, आम्ही अख्खा हिंदुस्थान पालथा घातला! ऐक. जिथं चढ नाही, उतार नाही, वारा नाही, धुकं नाही, डोळ्यांवर ऊन नाही आणि आडवी यायला गवताची काडीसुद्धा नाही, असं मैदान हवं. आहे?"

"हाय की!"

"आणि एका दिवसात जाऊन यायला हवं!"

"न्याहारीला माघारी येऊ, सरकार."

"मग आठ दिवसांत सहल आख. नाही जमलं तर गायरान आमचं!"

"आन् समदं तुमच्या मनाजोगतं असून चेंडू आत गेला न्हाई, तर?"

महाराजांनी मिशीवर ताव दिला. "असं मैदान असल्यावर दहा पावलांवरून एका टोल्यात आत! पाच चेंडू मारू. पाचांतला एकही गेला नाही, तर गायरान तुमचं, पिढ्यान्‌पिढ्या!"

बोलून तर बसली, पण बाहेर येताच हौसाला प्रश्न पडला. असलं मैदान असतं तरी कुठं? तीन दिवस तिनं माळ न् माळ तुडवला. चढ नाही तिथं वारा, वारा नाही तिथं गवत! चौथ्या पहाटे ती दूध घालायला गेली, तर आचारी अंगणात कुरकुरत होता.

"जपून चाल गं बाई! मघाशी अंगण धुतलं ते पाणी तसंच उभं आहे. ना इकडं वाहतं, ना तिकडं. कोण गवंडी होता कुणास ठाऊक!"

हौसानं चरवी खाली ठेवली. पाण्याकडे पाहिलं, चारी भिंतींकडे पाहिलं, आणि एकटीच खुदकन हसली.

आठव्या दिवशी झुंजूमुंजू होताच सहल निघाली. महाराजांची मोटार, मागे दिवाण, त्यामागे फराळाचे डबे घेऊन आचारी. मोटार मोठ्या दरवाज्यातून बाहेर पडली, राजवाड्याला वळसा घालून मागच्या दरवाज्यानं आत शिरली आणि मुदपाकखान्यासमोर थांबली.

"हे तर आमचंच अंगण!" महाराज ओरडले.

"व्हय जी. चारी अंगांनी भिंती, वारा न्हाई. ऊन यायला अजून घटकाभर हाय. धुकं आत शिरत न्हाई, फरशीवर गवत उगवत न्हाई." तिनं तांब्याभर पाणी ओतलं. पाणी जागचं हललं नाही. "चढ न्हाई, उतार न्हाई. आन् तो मांडवाच्या खांबाचा खळगा. मारा, सरकार!"

महाराजांनी दहा पावलं मोजली. पहिला चेंडू डावीकडून गेला. दुसरा उजवीकडून. तिसऱ्याला म्हणे कुणीतरी शिंकलं! चौथा हातभर अलीकडेच थांबला. आता एकच चेंडू उरला होता आणि तीनशे गुरांचं पोट त्याच्यावर होतं. पाचवा सरळ निघाला, खळग्याच्या काठावर गेला, काठाकाठानं गर्रकन फिरला आणि चालता झाला!

महाराजांनी काठी आपटली. "चूक आमची नाहीच! हे अंगणच वाकडं..."

आणि जीभ चावली.

दिवाण घाईघाईनं आभाळाकडे बघू लागले. आचाऱ्यानं उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला. हौसानं मात्र हात जोडले.

"म्हणीचा दुसरा अर्धा सरकारांनीच सांगितला. पहिला अर्धा सांगायची माझी काय टाप!"

महाराजांचा चेहरा लाललाल झाला. मग मिशा थरथरल्या, पोट हललं, आणि ते खो खो हसत सुटले. "पहिलाही आम्हीच सांगतो! नाचता येईना! काय दिवाणजी, काश्मीरपर्यंत नेलंत, हे तुम्ही सांगायला नको होतं?"

दिवाणजींनी लगबगीनं दौत-कागद मागवला!

गायरानाची सनद तिथंच, फराळाच्या डब्यावर कागद ठेवून लिहिली गेली. महाराजांनी शिक्का उठवला. "आणि हौसा, यापुढं सहली बंद! रोज पहाटे आम्ही इथंच शंभर चेंडू मारणार. आत किती गेले ते तू मोजायचं. दरबारी लोक मोजतात तेव्हा शंभरच्या शंभर जातात. तू खरं मोजशील?"

हौसा म्हणाली, "सरकार, एक येळ दुधात पाणी घालीन, पर मोजणीत न्हाई!"

आचारी दचकून चरवीत डोकावला. महाराज इतके हसले, इतके हसले, की डोळे पुसत त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि हौसाच्या हातात घातलं.